गुंतवणूकदारांच्या कानाशी

इंग्रजीतल्या ‘डोसाइल’ या शब्दाला जपानीत ‘ओतोनाशी’ म्हणतात. वर्गात दंगा न करणाऱ्या मुलासाठी जपानी माणसं हा शब्द वापरतात, आणि अंगावर न येणाऱ्या कुत्र्यासाठीही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, थंडगार मीटिंग रूममध्ये, मी तो तिथल्या कामगार बायकांबद्दल उच्चारला. समोरच्या पडद्यावर तसं लिहिलेलंच होतं : मुबलक, स्वस्त आणि डोसाइल मनुष्यबळ. मुंबईहून आलेले एक सल्लागार त्या ओळीवर लेसरचा लाल ठिपका फिरवत होते, जपानी पाहुणे माना डोलवत होते, आणि मी त्यांच्या कानाशी बसून भाषांतर करत होते.

नेमकी तेव्हाच एक बाई तयार मालाच्या नमुन्यांचा ट्रे घेऊन आत आली. निळा एप्रन, केसांवर जाळी, बोटांची टोकं काळी. तिने ट्रे टेबलावर ठेवला, पडद्याकडे एकवार बघितलं आणि निघून गेली. चहाच्या वेळेला मी बाहेर आले तर ती कूलरपाशी उभी.

“ताई, त्या पडद्यावर कामगारांचं काय लिवलेलं?”

मी जरा शब्द शोधला. “सोशिक,” मी म्हटलं.

“असं?” ती म्हणाली. “कोनाला इचारून लिवलं?”

ही वंदना भोईर. त्या कारखान्यातल्या कातरकामाच्या विभागाची प्रमुख. डोंबिवलीला लागून असलेल्या जुन्या गावातली. तिच्या सासऱ्यांची तिथे भातशेती होती. आता तिथे टॉवर आहेत आणि भोईरांच्या वाट्याला एक पत्र्याची शेड उरली आहे.

संपादकांनी मला फोनवर सांगितलं होतं, “ताई, दुभाष्याच्या कामातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीचा अंक आहे.” गमती आहेत, सांगतेही. पण लिहायला बसले की आधी राग वर येतो, त्याला माझा इलाज नाही.

मी सुजाता साळवे. जपानी, मराठी आणि इंग्रजी यांच्यामध्ये उभी राहून पोट भरलेली बाई. शहाडच्या चाळीत वाढले. आमच्या विहारात एक जपानी भिक्खू एक हिवाळाभर येऊन राहिले होते. चाळीतल्या मुलांना ते फरशीवर खडूने अक्षरं काढून दाखवायचे. बाकीची मुलं चार दिवसांत क्रिकेटकडे परतली. मी राहिले, कारण मला त्या अक्षरांची चित्रं आवडायची. पुढे मुंबईत क्लास, परीक्षा, मग ओसाकाला वर्षभराची शिष्यवृत्ती. शेजारचे माझ्या वडिलांना विचारायचे, “जपानी शिकून पोरगी करणार काय?” वडील गिरणीतून दमून आलेले असायचे. म्हणायचे, “जपानी माणसाशी बोलेल.” तेच मी आयुष्यभर केलं.

बाहेरच्याला वाटतं, दोन भाषा आल्या की झालं. तसं नसतं. एक प्रकार थांबून थांबून करायचा : एकाने बोलायचं, थांबायचं, मग आपण. दुसरा कानाशी कुजबुजत. तिसरा मोठ्या परिषदांमध्ये, सभागृहाच्या मागे काचेच्या खोक्यात बसून, बोलणाऱ्याच्या जेमतेम एक वाक्य मागे राहून. पाहुणे कानाला हेडफोन लावतात आणि आपला आवाज ऐकतात. त्या खोक्यात आम्ही दोघी असतो, कारण अर्ध्या तासाने डोकं चालेनासं होतं. आणि सगळ्या प्रकारांत नियम एकच, बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं. ‘ते म्हणतात की’ नाही. त्यामुळे मी आजवर शेकडो एकर जमिनी घेतल्या आहेत, कारखाने उभारले आहेत, तीन-चार मंत्र्यांचे आभार मानले आहेत. जेवण मात्र मला मिळालेलं नाही. पंचतारांकित हॉटेलात समोर ताट भरलेलं असतं, आणि दोन्ही बाजूंची माणसं घास चावता चावता व्यवहाराचं बोलत असतात. ती जेवतात आळीपाळीने, मी बोलते सलग. घरी येऊन पिठलं-भात.

यजमान मंडळींना माझं आडनाव कळलं की एक प्रश्न हमखास येतो. “साळवे म्हणजे... तुम्ही कुठल्या?” मी सांगते, “शहाडच्या.” ते जरा थांबतात. मी आणखी काही सांगत नाही.

आता एक गंमत. नागोयाचे एक पंपवाले गृहस्थ कारखान्यासाठी जागा शोधायला आले होते. ठाण्यातल्या प्रत्येक सभेत त्यांनी ऐकलेलं की आमच्याकडे ‘सिंगल विंडो’ आहे, सगळ्या परवानग्या एका खिडकीवर. मग आम्ही कचेऱ्या फिरायला लागलो. पाण्याची वेगळी, विजेची वेगळी, प्रदूषणाची वेगळी, आगीची वेगळी. संध्याकाळी गाडीत ते मला अगदी गंभीरपणे म्हणाले, “साळवे-सान, त्यांनी सांगितलं ते खरं आहे. प्रत्येक ठिकाणी खिडकी एकच होती. फक्त ती बंद होती.” दुसऱ्या दिवशी मी हे एका अधिकाऱ्याला भाषांतर करून सांगितलं. अधिकारी जराही न रागावता म्हणाले, “त्यांना सांगा, लंच टाइम असेल.” पंपवाले दुसऱ्या देशात गेले.

झाली गंमत. आता मूळ विषयाकडे येते.

वंदनाचा कारखाना करंदीकरांचा. करंदीकर इंजिनिअर, चांगली नोकरी सोडून एका भाड्याच्या गाळ्यात एका प्रेसवर त्यांनी काम सुरू केलं आणि चार शेड उभ्या केल्या. माल म्हणजे रबरी सील. पंपातून, गाडीच्या इंजिनातून तेल गळू नये म्हणून आत एक गोल रबरी कडी असते, ती. साच्यातून ही कडी बाहेर येते तेव्हा तिच्या भोवती रबराचा पातळ पापुद्रा असतो, आंबोळीच्या कडेला जाळी असते तसा. तो कापावा लागतो. वाकड्या पात्याच्या छोट्या कातरीने, हाताने. जरा जास्त कापलं की सील गळतं, जरा कमी कापलं की बसत नाही. हे काम चाळीसेक बायका करायच्या आणि वंदना त्यांच्यावर होती.

परदेशी गुंतवणूक म्हणजे काय, हेही सोपं करून सांगते, कारण वर्तमानपत्रांत ते फार पवित्र सुरात लिहिलेलं असतं. कुणी पैशाचं पोतं घेऊन दान करायला येत नाही. बाहेरची कंपनी इथल्या चालत्या धंद्यातला मोठा हिस्सा विकत घेते. त्याबरोबर तिला जागा मिळते, परवाने मिळतात, तयार गिऱ्हाइकं मिळतात आणि शिकलेले हात मिळतात. मूळ मालकाला पैसा आणि नवी यंत्रं मिळतात. यात काही पाप नाही. करंदीकरांना ते हवंच होतं. मुलगा टोरांटोला, तो परत येणार नव्हता. मोठ्या गिऱ्हाइकांना दुप्पट माल हवा होता, आणि तेवढा दम करंदीकरांच्यात उरलेला नव्हता. ते मला एकदा म्हणाले, “सुजाताताई, माझ्यामागे हे बंद पडण्यापेक्षा कुणाच्या तरी हातात चालू राहू दे.” मला ते पटलं होतं. आजही पटतं.

जपान्यांकडून पाहणीला ओकादा नावाचे एक इंजिनिअर यायचे. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. पहिल्याच भेटीत त्यांनी कातरकामाच्या टेबलापाशी एक स्टूल मागून घेतलं आणि अख्खी दुपार तिथे बसून राहिले. मला म्हणाले, “आमच्याकडे हे यंत्राने करतात. रबर गोठवून पापुद्रा झाडून टाकतात. पण इतक्या नाजूक सीलला यंत्र चालत नाही. आमच्याकडच्या असे हात असलेल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या.” मी हे वंदनाला सांगितलं. ती मान वर न करता म्हणाली, “आमीबी होऊच की.”

बोलणी वर्षभर चालली. शेवटी व्यवहार झाला, आणि कारखान्याच्या अंगणात मांडव पडला. नारळ, आरती, ढोल. जपानी संचालकांचं नाव निशिमुरा. त्यांना आणि ओकादांना फेटे बांधले. निशिमुरांचा फेटा सारखा कपाळावर घसरत होता. करंदीकरांनी भाषण केलं, सल्लागारांनी केलं, निशिमुरांनी केलं. ‘एक कुटुंब’ हा शब्द मी त्या दिवशी तिन्ही भाषांत इतक्यांदा म्हटला की जीभ कोरडी पडली. मग करंदीकर उत्साहात म्हणून गेले, “कुणाला साहेबांना काही विचारायचं असेल तर विचारा!”

कुणी विचारेल असं त्यांना वाटलेलं नव्हतं. वंदना उठली.

“इचारायचं एवडंच, की आमची कामं राहतील का?”

मी भाषांतर केलं. निशिमुरा हसले, जरा झुकले आणि म्हणाले, “माएमुकी नि केन्तो सासेते इतादाकिमास.”

आता हे वाक्य. शब्दशः अर्थ असा, की आम्ही यावर सकारात्मक दृष्टीने विचार करू. पण जपानी दुकानात, बँकेत, कचेरीत ज्याने हे वाक्य ऐकलंय त्याला विचारा. त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘नाही’ असा असतो. समोरच्याला तोंडावर नकार ऐकावा लागू नये म्हणून शोधलेला नकार. दोन जपानी माणसांमध्ये त्याने काही बिघडत नाही, दोघांनाही ठाऊक असतं. इथे चाळीस बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी शब्द जसेच्या तसे मराठीत ठेवले. “आम्ही यावर सकारात्मक विचार करू.” टाळ्या पडायला लागल्या. वंदनाने टाळी वाजवली नाही. ती माझ्याकडे बघत म्हणाली, “ताई, मना नीट सांग. तो हो बोल्ला का नाय बोल्ला?”

अर्थ स्पष्ट नसेल तर बोलणाऱ्याला परत विचारण्याचा दुभाष्याला अधिकार असतो. मी निशिमुरांकडे वळून जपानीत विचारलं, “यांना हो किंवा नाही असं उत्तर हवंय. तुमचं उत्तर हो आहे असं मी सांगू का?”

निशिमुरांनी दातांमधून हवा आत ओढली. फेटा सावरला. “सा... सोरे वा चोत्तो...” म्हणाले आणि थांबले. म्हणजे ‘ते जरा...’. पुढे काहीच नाही.

मी मराठीत म्हटलं, “‘ते जरा...’ आणि वाक्य साहेबांनी इथेच सोडलंय. जपानीत वाक्य असं सोडलं की उत्तर ‘नाही’ असतं.”

ढोलवाला हसत होता तो हसायचा थांबला. सल्लागार दोन ढांगांत माझ्यापाशी आले. “मॅडम, यू आर हिअर टू ट्रान्सलेट! अर्थबिर्थ सांगणं तुमचं काम नाही.”

“मग भाषांतर म्हणजे काय असतं?” मी विचारलं.

“पेमेंट कोण करतंय तुम्हाला?”

“तुम्ही. शब्दांचं. खोट्याचं वेगळं लागेल.”

मी इतकी वर्षं कुठल्याही गिऱ्हाइकाला असं उत्तर दिलेलं नव्हतं. ओकादा तेवढे माझ्याकडे बघत होते. बाकीचे जपानी मांडवाच्या झालरी न्याहाळत होते.

दुसऱ्या दिवसापासून बायका कामावर आल्या, टेबलाशी बसल्या आणि कातरी समोर ठेवून गप्प राहिल्या. घोषणा नाहीत, झेंडा नाही. साच्यांतून सील पडत राहिली आणि पापुद्र्यांसकट त्यांचे ढीग वाढत गेले. करंदीकरांचा फोन आला. आधी ओरडले, “तुम्ही माझ्या आयुष्याच्या कमाईला चूड लावलीत!” मग आवाज उतरला. “तुम्हीच या आता. त्यांनी पुण्याहून दुसरी दुभाषी आणली होती, वंदना तिचं ऐकूनच घेत नाही. म्हणते, तीच बाई पाहिजे, तिला ‘नाय’ बोलता येतं.”

मला याचं हसू आलं आणि अभिमानही वाटला. “तिला ‘नाय’ बोलता येतं.” माझ्या कुठल्याच प्रमाणपत्रावर असं काही लिहिलेलं नाही.

बोलणी झाली. ओकादांनी निशिमुरांना बाजूला घेऊन बरंच काही सांगितलं, ते माझ्या कानावर आलं नाही. अखेर ठरलं, आणि सही-शिक्क्यानिशी ठरलं, की इथल्या एकाही कामगाराला अमुक वर्षं कामावरून काढणार नाही. वंदनाने त्या दिवशी माझा हात धरून मला कॅन्टीनमध्ये नेलं आणि समोर बसून जेवायला लावलं. सुकट, भाकरी. कामाच्या जागी मी पोटभर जेवले ते तेवढंच.

आणि कंपनीने शब्द पाळला. इथेच माझं डोकं फिरतं. कंपनीने शब्द अगदी अक्षरशः पाळला.

दुसऱ्या एका राज्यात त्यांना स्वस्तात जमीन मिळाली, करात सवलत मिळाली. तिथे त्यांनी वेगळ्या नावाची, वेगळी नोंदणी केलेली नवी कंपनी काढली. ऑर्डरी हळूहळू तिकडे वळल्या. मग साचे गेले. साचे पेट्यांत भरायला ओकादाच आले होते, आणि जाताना कातरकामाच्या टेबलांसमोर उभे राहून कमरेत इतके खोल वाकले की मी जपानातही तसं क्वचित पाहिलंय. वंदना म्हणाली, “ताई, त्याला सांग, वाकून काय होतंय?” मी सांगितलं. ते वाकलेलेच राहिले.

डोंबिवलीत कुणालाही कामावरून काढलं नाही. बायका रोज यायच्या, हजेरी द्यायच्या आणि रिकाम्या टेबलाशी बसायच्या. ओव्हरटाइम गेला, बोनस गेला. पंखे बंद ठेवायला सांगितलं, उत्पादन नाही तर वीज कशाला म्हणून. ज्या बाईने आयुष्यभर हातांनी काम केलंय तिला आठ तास हात मांडीवर ठेवून बसवणं ही काय शिक्षा आहे, ते बघायचं असेल तर त्या शेडमध्ये जायला हवं होतं. करंदीकर तोवर उरलेला हिस्सा विकून बाहेर पडले होते. मला एकदा भाजी बाजारात दिसले. त्यांनी मान फिरवली नाही, उभे राहून नमस्कार केला. त्यांच्यावर मी चिडलेली नाही. त्यांनाही त्या मांडवात ‘कुटुंब’ म्हटलं होतं.

मग स्वेच्छानिवृत्तीची सभा लागली. नवा व्यवस्थापक तरुण होता, आणि त्याने दुभाषी बोलावलाच नाही. टेबलावर मोबाइल ठेवला. तो जपानीत बोलणार आणि मोबाइल मराठीत. मला वंदनाने बोलावलं. “तू आमच्या बाजूला बस,” म्हणाली. टेबलाच्या त्या बाजूला मी त्याआधी कधी बसले नव्हते.

व्यवस्थापक बोलला. मोबाइलमधली बाई गोड आवाजात म्हणाली, “कंपनी तुम्हाला आशा निवृत्ती देऊ इच्छिते.” जपानीत स्वेच्छेला आणि आशेला एकच शब्द आहे, यंत्राने चुकीचा उचलला. मागून एक बाई म्हणाली, “आशा तर मागच्या वर्सीच रिटायर झाली, तिला कशाला परत?” सगळ्या हसल्या. आशा पाटील खरंच आदल्या वर्षी निवृत्त झाली होती. मी हसले नाही. मी त्या तरुणाला जपानीत म्हटलं, “यंत्र बंद करा. या बायका काय सोडून देतायत, ते माणसाच्या तोंडून ऐका.” त्याने ते बंद केलं. देऊ केलं होतं त्यापेक्षा थोडं जास्त मिळालं. थोडंच.

खरी चीड पुढेच आहे. नव्या कारखान्यात कंत्राटी मुली ठेवल्या होत्या, तीन-तीन महिन्यांच्या. हात शिकायच्या आत त्या बदलायच्या. सील गळायला लागली, माल परत यायला लागला. तेव्हा कंपनीचा माणूस डोंबिवलीला वंदनाच्या घरी आला. तिच्या सासऱ्यांच्या शेडमध्ये तिने जुन्या बायका जमवाव्यात, कंपनी माल ट्रकने पाठवेल, त्यांनी कापून परत द्यावा. नगावर मजुरी. नोकरी नाही, फंड नाही, रजा नाही. घरी बसलेल्या बायकांना दुसरं काही दिसत नव्हतं. त्या बसल्या. तेच सील, तीच कातर, तेच हात. राज्य ओलांडून माल येतो आणि परत जातो, आणि तरीही ते कंपनीला स्वस्त पडतं. यावरून समजा, आधी त्या बायकांना जे मिळत होतं ते कंपनीच्या डोळ्यांवर किती आलं असेल.

यानंतर ठाण्याच्या एका हॉटेलात गुंतवणूक परिषद होती. उगवती अर्थव्यवस्था, व्यापाराच्या संधी, वगैरे. पाच-सहा देशांचे पाहुणे. मी काचेच्या खोक्यात. व्यासपीठावर तेच सल्लागार, आता जास्त मोठे झालेले. त्यांनी पुढची स्लाइड लावली आणि पडद्यावर वंदना. हातात कातर, समोर सील, केसांवर जाळी. वर अक्षरं : ‘परदेशी गुंतवणुकीतून घडलेली महिला उद्योजिका’.

माझं भाषांतर चालूच होतं. तोंडाला सवय असते. चहाच्या सुट्टीत मी फोन लावला.

“वंदना, तुझा मोठा फोटो लावलाय इथे. मालकीणबाई म्हणून.”

“कंचा फोटो?” मी वर्णन केलं. ती म्हणाली, “तो कंपनीच्या भिंतीवर लावायला काढलेला. कुठं हाय ते हाटेल?”

दुपारी प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या सुमाराला तिचा फोन आला. गेटवर सुरक्षावाल्याने अडवलं होतं. मी माझ्या जोडीदारणीला खूण केली, तिने माइक घेतला, मी खाली गेले. वंदना आणि आणखी दोघी, शेडमधून उठून तशाच रिक्षाने आलेल्या, बोटं काळी. मी सुरक्षावाल्याला म्हटलं, “या आजच्या वक्त्या आहेत. आत स्क्रीनवर फोटो आहे, बघून ये.” तो बघून आला आणि त्याने सलाम केला.

मी खोक्यात परत पोचले तेव्हा सल्लागार म्हणत होते, कुणाला प्रश्न? मागून वंदनाचा हात वर. त्यांनी तिला ओळखलं, आणि माणूस हुशार, लगेच दोन्ही हात पसरले. “अरे वा, आपल्या वंदनाताई स्वतः आल्यात! टाळ्या!” टाळ्या झाल्या. तिच्या हातात माइक गेला.

“तो फोटो माझा हाय,” वंदना म्हणाली. “मना न इचारता लावलाय. वर लिवलंय मी मालकीन. बरं. मालकीन हाय तर मालकिनीसारखी बोलते. आमच्या शेडमदल्या बाया आदी कंपनीत होत्या. तवा आजारी पडली तर रजा मिलायची, म्हातारपनासाटी फंड कापायचे. आता तेच काम हाय नि त्यातलं काय बी नाय. डोले गेले तर चष्माबी आमचाच...”

मी जपानीत बोलत होते, माझी जोडीदारीण इंग्रजीच्या माइकवर. हेडफोन लावलेली सगळी डोकी आधी पडद्याकडे आणि मग मागे वंदनाकडे वळली. सल्लागारांनी आवाजवाल्याला बोटाने मान कापल्याची खूण केली. सभागृहाचा माइक बंद झाला.

वंदनाचा आवाज खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारण्यात घडलेला. तिला माइक कशाला? मी खोक्याचं दार लाथेने उघडलं, म्हणजे नीट ऐकू यावं. माझा माइक चालूच होता. तो वेगळ्या वायरवर असतो, हे सल्लागारांना ठाऊक नव्हतं.

“या भावात आजपासून माल जानार नाय,” ती सांगत होती. “ज्याला सील पायजेल त्यानं आमच्या शेडला यावं, समोर बसून बोलावं. नाय तर कातर त्यानं चालवावी.”

मी शेवटचं वाक्य जपानीत म्हटलं तेव्हा माझा आवाज चढला होता. आमच्या धंद्यात ते चुकीचं धरतात. मी तो खाली आणला नाही.

टाळ्या पडल्या नाहीत. खुर्च्या सरकल्या, खोकले झाले. पण सभा संपल्यावर दुसऱ्याच एका जपानी कंपनीचा एक वयस्कर माणूस मला शोधत आला आणि शेडचा पत्ता मागून घेऊन गेला. आठवडाभरात जुन्या कंपनीचा व्यवस्थापक शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. मजुरी वाढली. आजारपणाच्या रजेचे पैसे ठरले. नव्या कंपनीचं काम आता आठवड्यातून एकदा येतं, म्हणून जुनी जरा सरळ वागते. फंडाचं अजून काही झालेलं नाही. ‘तुम्ही उद्योजिका आहात, तुमचा फंड तुम्हीच काढा’, असं उत्तर आहे. म्हणजे ज्यांच्या हातावर धंदा उभा आहे त्या बायकांच्या म्हातारपणाशी कुणाचाच संबंध नाही, कंपनीचा नाही आणि सरकारचाही नाही. हे लिहितानाही माझे कान तापतात.

मला त्या सल्लागारांचं काम पुन्हा मिळालं नाही, मिळणारही नाही. मी परदेशी पैशाच्या विरोधात नाही. पोट त्याच्यावरच भरलं आणि चांगले जपानी, चांगले कारखाने बरेच पाहिले. फक्त त्यांना इथे काय दाखवलं जातं आणि काय झाकलं जातं, ते मी इतकी वर्षं अगदी कानाशी बसून ऐकलंय.

यंदाच्या परिषदेचं माहितीपत्रक परवा माझ्या हाती आलं. वंदनाचा फोटो काढून टाकलाय. त्या जागी दुसरी एक बाई आहे, हिरवं पातळ, मागे मसाल्याची पाकिटं, वर तेच शब्द. चार फोन करून माहिती काढली. खडवलीकडची आहे. तिला या फोटोचं काही ठाऊक नाही. येत्या रविवारी मी आणि वंदना तिला भेटायला जाणार आहोत.